परत करण्याची आवश्यकता नाही

बाबांनी मागे ठेवलेल्या यादीत एकेचाळीस कलमं होती. पहिलं होतं 'जुन्या चादरी, चार (धुतलेल्या, हिला विचारून)' आणि शेवटचं 'फुगा फुटतो'. मधली एकोणचाळीस कोऱ्या कागदावरही आखून दिल्यासारखी सरळ उतरली होती. हवामान खात्यात बत्तीस वर्षं तक्ते भरलेल्या माणसाचं अक्षर होतं ते.

धाकटीने ती यादी पहिल्यांदा वाचली ती बाबा जाऊन तीन आठवडे झाल्यावर. त्याआधी बाबांनी तिला तीनदा बोलावलं होतं. "रविवारी येऊन जा. एकदा तुझ्या डोळ्याखालून गेली म्हणजे बरं." तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वार्षिक पुस्तकमोजणी चालू होती. पहिल्या रविवारी जमलं नाही, दुसऱ्या रविवारी जमलं नाही. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा बाबा इस्पितळात होते आणि तिथे यादीचा विषय काढायची सोय नव्हती. एवढंच झालं होतं. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला टोचत राहायला एवढं पुरतं.

म्हणून तिने ठरवलं की ग्रहणाच्या दिवशी फुगा जाईल, आणि फोटो येईल.

फोटो सूर्याचा नव्हे. सूर्याचा सगळेच काढतील, असं बाबांनी समासात लिहून ठेवलं होतं. त्यांना हवी होती चंद्राची सावली. खग्रास ग्रहणात ती जमिनीवरून धावत जाते. खाली उभ्या माणसाला फक्त अंधार पडल्यासारखं वाटतं, पण तीस किलोमीटर उंचीवरून ती एखाद्या सांडलेल्या शाईसारखी अख्खी दिसते. बाबांनी नोकरीत फुगे सोडले ते वारा, तापमान आणि दमटपणा मोजायला. त्यांतल्या एकालाही डोळा नव्हता.

"आणि याला बसवायचा होता म्हणे," आई म्हणाली. "घरात चष्मा कुठे ठेवलाय ते सापडत नव्हतं त्यांना."

आईने चादरी मात्र धुऊन ठेवल्या होत्या.

कामाला दुसरा माणूस होता घड्याळकाका. बाबांच्या शेजारच्या टेबलावर ते एकोणतीस वर्षं बसले. कुठलीही गोष्ट घडली की आधी मनगटाकडे बघायचं आणि मग त्या गोष्टीकडे, ही त्यांची सवय. त्यामुळे कर्मचारी वसाहतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं आणि पोरं मोठी झाली तरी ते चिकटून राहिलं. बाबा गेल्याचा फोन धाकटीनेच त्यांना केला होता. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "किती वाजता?"

आता ते दर रविवारी सकाळी नवाच्या ठोक्याला येत, यादीतलं एकेक कलम वाचत आणि झालं की शेजारी वेळ टाकत. उड्डाणाची परवानगी त्यांनी जुन्या ओळखी काढून मिळवली. थर्माकोलचा डबा त्यांच्या माळ्यावर निघाला. खात्याने मोडीत काढलेल्या उपकरणांचा तो डबा होता, हलका आणि घट्ट झाकणाचा. त्यात कॅमेरा तिरका, जरा खाली बघणारा बसवायचा, दर तीन सेकंदांनी एक फोटो. वर उणे पन्नास अंश, म्हणून कॅमेऱ्याभोवती हात शेकायच्या पुड्या. पॅराशूट बाबांनी आधीच शिवून ठेवलं होतं, नारिंगी कापडाचं. आईने टाके पाहिले आणि म्हणाली, "उशीच्या अभ्र्याला बटण लावायला सांगितलं तर जमत नव्हतं."

गॅसची टाकी आणायला धाकटी आणि दादा गेले. दादा दातांचा डॉक्टर. बोलायला लागला की समोरच्याचं तोंड उघडं आहे असं धरूनच बोलायचा. समारंभांची सजावट करणाऱ्या दुकानदाराने टाकीवर हात ठेवून विचारलं, "एवढ्यात चारशे फुगे होतात बरं का. कार्यक्रम मोठा दिसतोय."

"एकच फुगा आहे," धाकटी म्हणाली.

दुकानदाराने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मी फक्त टाकी उचलायला आलोय."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "शाणे, एक विचारू? त्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे हजार फोटो बघायला मिळतील. मोठमोठ्या संस्थांचे, आपल्यापेक्षा शंभरपट चांगले. मग हा खटाटोप कशासाठी?"

"यादीत आहे म्हणून."

"हे काही उत्तर नाही."

"नाहीच आहे," ती म्हणाली.

आदल्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं, डब्यावर लेबलं लावायचं. घड्याळकाकांनी खात्याच्या लेबलांचं जुनं भेंडोळं बरोबर आणलंच होतं. कलम छत्तीस: 'लेबल, चारही बाजूंना.' धाकटीने वीस वर्षांत पुस्तकांच्या पाठींवर लाखभर लेबलं लावली असतील. पट्टी धरून, कडेपासून सारखं अंतर ठेवून, आतली हवा नखाने बाहेर काढत तिने चारही लेबलं अशी बसवली की घड्याळकाका म्हणाले, "आमच्या काळी तू हवी होतीस. आमची नेहमी वाकडी लागायची."

ग्रहणाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वसाहतीच्या मैदानावर चार चादरी अंथरल्या. फुग्याचं रबर इतकं पातळ असतं की बोटाच्या तेलानेही त्याला वर गेल्यावर भोक पडू शकतं. म्हणून सगळ्यांच्या हातात सुती मोजे. फुग्याच्या मानेला दोन किलो पाण्याची बाटली टांगलेली. गॅस भरत जायचा, आणि बाटली जमिनीवरून अलगद उचलली जाईल तिथे थांबायचं. जास्त भरला तर फुगा लवकर फुटेल, कमी भरला तर ग्रहण लागेपर्यंत पोचणार नाही. घड्याळकाका पोटावर झोपले होते आणि बाटलीच्या बुडाखालून एक पोस्टकार्ड सरकवून बघत होते.

"बंद!" ते ओरडले. "नऊ बावन्न!"

"काका, उठा आता. शर्टाचं पार वाटोळं झालंय," दादा म्हणाला.

"शर्ट धुता येतो."

दहा वाजून पाच मिनिटांनी धाकटीने दोर सोडला. तिला वाटलं होतं की त्या क्षणी मनात काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. दोर मोज्यातून सरकला, डबा एकदा स्वतःभोवती फिरला, आणि पाहता पाहता तो माणसाच्या उंचीचा राहिला नाही, मग घराच्या, मग झाडांच्याही. घड्याळकाकांनी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि पुढची पन्नास मिनिटं ते दर मिनिटाला कोन वाचत राहिले. दादा लिहून घेत होता. फुगा पूर्वेला चालला होता.

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी अंधार पडला. वसाहतीतले लोक गच्च्यांवर ओरडले, कुत्री गप्प झाली. आई खुर्चीवर बसून काळ्या चष्म्यातून वर पाहत होती. घड्याळकाकांनी "आता काढा वहिनी, आता चालतं" म्हटल्यावर तिने चष्मा काढला. दोन मिनिटं दहा सेकंद. धाकटी सूर्याकडे पाहायच्या ऐवजी पूर्वेकडे पाहत होती, जिथे काहीच दिसत नव्हतं.

उजेड परत आला. आठ-दहा मिनिटांनी घड्याळकाकांनी वहीत लिहिलं, 'अंदाजे ११.५६ — फुगा फुटला असावा', खाली दोन रेघा मारल्या, पेनाचं टोपण लावलं आणि दुर्बीण खोक्यात ठेवायला घेतली. चेहरा असा, की जणू मुलाबाळांचं सगळं मार्गी लागलंय.

"काका, मग निघायचं ना?" धाकटीने विचारलं. "गाडीत पाणी ठेवलंय."

"कुठे?"

"डबा आणायला."

घड्याळकाका वाकलेले होते ते तसेच राहिले. "आणायला?" ते म्हणाले.

"फोटो डब्यात आहेत ना?"

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग खाली बसले, चादरीवरच. "पोरी," ते म्हणाले, "आम्ही कधी काही आणलंच नाही गं. एकोणतीस वर्षांत. आमचं उपकरण वरूनच आकडे सांगायचं, रेडिओवर. फुगा फुटला की काम संपलं. खाली काय पडलं, कुठे पडलं, कुणी विचारलं नाही."

"पण तो पडणार कुठे हे कळायची काही व्यवस्था?"

"फुटण्यापर्यंतचं सगळं आहे यादीत," ते म्हणाले. आणि दोघांनाही एकाच वेळी एकेचाळिसावं कलम आठवलं असावं, कारण दोघांनीही यादीकडे हात नेला. यादी तिथे संपली होती, की यादी करणारा माणूस तिथवरच पोचला होता, हे आता विचारायला कुणी नव्हतं.

दादा म्हणाला, "असू दे. डब्यावर पत्ता असेल ना? लेबलं लावली तुम्ही चार-चार."

आई तोवर खुर्चीजवळची पिशवी आवरत होती. भेंडोळ्यातलं उरलेलं एक लेबल तिच्या हाताला लागलं. तिने ते लांब धरून मोठ्याने वाचलं. "'हे हवामान निरीक्षणाचे उपकरण आहे. धोकादायक नाही. परत करण्याची आवश्यकता नाही.'"



"चारही बाजूंना?" आईने विचारलं.

"चारही बाजूंना," धाकटी म्हणाली.

आणि आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तिला खुर्चीचा हात धरावा लागला. चार महिन्यांत कुणी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "अगं, तू गं!" ती डोळे पुसत म्हणाली. "जन्मभर लोकांच्या मागे लागून पुस्तकं परत मागितलीस. एका दिवसाचा उशीर चालत नाही तुला! आणि पट्टी लावून लावलीस मेली ती लेबलं!"

धाकटी हसली नाही. तिने ते वाचलं होतं, अक्षरन् अक्षर. सरळ आहे की नाही हे बघायला वाचलं होतं.

पुढचे दोन दिवस घड्याळकाका घराबाहेर पडले नाहीत. चूक त्यांनी अंगाला लावून घेतली होती, आणि ती भरून काढायचा त्यांना एकच मार्ग माहीत होता. खात्यातल्या नव्या माणसाकडून त्यांनी त्या दुपारचे वाऱ्याचे आकडे मिळवले, पॅराशूटचं क्षेत्रफळ काढलं, आणि नकाशावर पेन्सिलीने एक लांबट गोल आखला. अकरा किलोमीटर लांब, चार रुंद, मैदानापासून साठ किलोमीटरवर. "याच्या आत," ते म्हणाले. "बाहेर असेल तर माझं निवृत्तिवेतन बंद करायला सांगा."

गोलाच्या आत एक खडी फोडायचा कारखाना होता, एक तलाव, कोंबड्यांच्या शेडची रांग, दोन छोटी गावं आणि बाकी शेतं. धाकटीने सूचना छापून घेतल्या: नारिंगी पॅराशूट, पांढरा डबा, सापडल्यास या क्रमांकावर कळवावे. शेवटी तिने जाड ठशात घातलं, 'परत करावे ही विनंती'. दोन रविवार ती आणि घड्याळकाका गोलात फिरले. दुकानांच्या दारांवर, बसथांब्यांवर, खडीच्या कारखान्याच्या फाटकावर सूचना लावल्या. कारखान्याचा रखवालदार म्हणाला, "आकाशातून पडलं? मग पोलिसांना सांगा."

"पोलिसांचं काम नाही हो ते. आमचंच आहे."

"मग सोडलं कशाला?"

घड्याळकाकांना यावर तांत्रिक उत्तर देता आलं असतं. ते म्हणाले, "चुकलं."

दुसऱ्या रविवारी परतताना दादाचा फोन आला. तो सावकाश बोलत होता, इंजेक्शन देण्याआधी बोलतो तसं. "हे बघ, तलावात पडला असेल तर गेला. तू बाबांसाठी जे करायचं ते केलंस. आता पुरे कर."

"बोलावलं तेव्हा मी यादी वाचायला आले नाही," ती म्हणाली. "ते करायचं होतं."

 मग दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी मी येतो. मागची सीट रिकामी ठेव."

त्या रविवारची वेळच आली नाही. बुधवारी ग्रंथालयात फोन वाजला. एका बाईचा आवाज, वरच्या पट्टीतला. "तो कागद तुम्ही लावलाय का बसथांब्यावर? डबा हरवल्याचा?"

"हो. मीच."

"डबा माझ्याकडे आहे. पण मला एक कळत नाही. त्या डब्यावर लिहिलंय परत करायची गरज नाही. चार ठिकाणी लिहिलंय. आणि तुम्ही म्हणता परत करा. खरं काय धरायचं माणसाने?"

"डब्यावरचं चुकलंय," धाकटी म्हणाली.

"चार ठिकाणी?"

"चार ठिकाणी."

बाईची रोपवाटिका होती, पेन्सिलीच्या रेघेच्या नखभर आत. धाकटीने अर्धी रजा टाकली, घड्याळकाकांना घेतलं. बाई कमरेला टॉवेल खोचून दारातच उभी होती. मागे कुंड्यांच्या रांगा, आणि कोवळ्या रोपांना ऊन लागू नये म्हणून ताणलेलं नारिंगी कापड. बाबांचे टाके धाकटीला लांबूनच ओळखू आले. थर्माकोलच्या डब्यात माती भरली होती आणि तिच्यात कोबीची रोपं बोटभर वर आली होती. लेबलं अजून सरळ होती.

"यात एक यंत्र होतं," धाकटी म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा शांत आला.

"ते होय!" बाईने मान वळवली. पेरूच्या झाडाला दोरीने कॅमेरा टांगलेला होता. वाऱ्यावर काच चमकत होती. "पाखरं येत नाहीत त्याने. आधी गाण्यांच्या जुन्या सीड्या लावत होते, पण हे बरं."

पंधरा दिवस ऊन, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. घड्याळकाकांनी कॅमेरा उतरवून हलवला. आत पाणी वाजलं. त्यांनी तो धाकटीच्या हातात दिला. तिने नखाने झाकण उघडलं, मेमरी कार्ड काढलं, ओढणीच्या कोरड्या टोकात गुंडाळलं आणि कॅमेरा बाईला परत दिला.

"हा राहू द्या तुम्हाला. झाडावर. डबा आणि कापडही."

बाईला ते पटायला वेळ लागला. "सरकारचं आहे ना हे? उद्या कुणी चौकशीला आलं तर?"

"सरकारचं नाही. माझ्या वडिलांचं आहे."

"मग त्यांना सांगा," बाई रोपांवरून हात फिरवत म्हणाली, "डबा फार चांगला आहे. ओल धरून ठेवतो."

घड्याळकाका झाडाकडे बघायला लागले.

"सांगते," धाकटी म्हणाली.

कार्ड दादाच्या दवाखान्यात उघडलं, कारण तिथला संगणक सर्वांत मोठ्या पडद्याचा होता. दादाने ते आधी दोन दिवस कोरड्या डबीत ठेवलं होतं, दात ठेवतात तशा. शेवटच्या पेशंटला वाटेला लावून त्याने दार ओढून घेतलं. घड्याळकाकांच्या शेजारी, पडद्यासमोर आईला बसवलं. पेशंटची ती लांब खुर्ची तिला नको होती, म्हणून स्टुलावर. तीन हजारांवर फोटो होते. बरेचसे नुसत्या काळ्यानिळ्या आकाशाचे, कारण डबा गिरक्या घेत होता. चारांत एखादा जमिनीचा. दादाने वेळ बघून पुढे नेलं.

सावली तिथे होती. पृथ्वीची कड वाकलेली, कडेला सगळीकडून पिवळट उजेड, आणि मधे एवढा मोठा काळा डाग की त्याच्याखाली शेतं, रस्ते, तलाव काही उरलं नव्हतं. कोपऱ्यात दोराचं एक टोक आलं होतं. बाबांनी सांगितलेल्या कोनात कॅमेरा बरोबर बसला होता. दादा मागे सरकून उभा राहिला. 

धाकटीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटेल. तिने वाट पाहिली.

आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. "यात आपण कुठे?" तिने विचारलं.

घड्याळकाकांनी खिशातून पट्टी काढली. क्षितिज पाहिलं, तलावाची जागा अदमासली, पडद्यावर काहीतरी मोजलं आणि काळ्या डागात एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे, वहिनी. मैदान इथे. अकरा अठ्ठेचाळीस."

"काही दिसत नाही."

"कसं दिसेल? अंधार होता ना."

"पण होतो इथेच."

"इथेच होतो. तुम्ही खुर्चीवर, हा वही घेऊन, ही पाठ करून उभी."

आई त्या जागेकडे पाहत राहिली. कुठेच काही नव्हतं तिथे, तरी ती पाहत राहिली, गर्दीच्या फोटोत आपलं माणूस शोधावं तशी. घड्याळकाकांनी बोट उचललं नव्हतं. धाकटीने पुढचं बटण दाबलं. आकाश, आकाश, आकाश, मग जमीन. डाग जरा पूर्वेला सरकलेला. पुन्हा दाबलं. दहा-बारा वेळा दाबल्यावर डागाची मागची कड काकांच्या नखापर्यंत आली, आणि त्याच्या पुढच्या फोटोत ती पलीकडे गेली. बोटाखाली आता फिकट तपकिरी जमीन होती, एक रस्ता, सगळं जिथल्या तिथे.

"मागे घे," आई म्हणाली.

"आई, पुढचे आणखी चांगले असतील," दादा म्हणाला. "उजेड आलाय आता."

"मागे घे गं."

धाकटीने मागे घेतला.